सेन्सर गेलाय, की कुठून हवा शिरतेय?

सिग्नलला गाडी उभी राहिली की स्टिअरिंग थरथरतं, आरपीएमचा काटा वरखाली होतो, स्कॅनर लावला की कोड येतो पी ०१७१. म्हणजे मिश्रण लीन, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. मग बहुतेक वेळा आधी एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. आमच्या जुन्या गाडीचाही बदलला होता. थरथर तशीच राहिली, कारण पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत आत ओढणाऱ्या व्हॉल्व्हचा) रबरी पाइप वळणावर खालून चिरला होता आणि तिथून हवा शिरत होती.

हा कोड सेन्सर खराब झाल्याचं सांगतच नाही. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन जास्त दिसतोय, एवढंच त्यातून कळतं. एखादा प्लग मिसिंग मारत असला, म्हणजे ठिणगी चुकवत असला, तरी न वापरलेला ऑक्सिजन तसाच पुढे जातो आणि बिचाऱ्या सेन्सरवर आळ येतो.

गळती की दुसरं काही, हा फरक कळतो रेस दिल्यावर. आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ बंद असतो, मॅनिफोल्डची (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांची) ओढ जोरदार असते, त्यामुळे बारीक चिरेतून येणारी हवाही एकूण हवेचा मोठा हिस्सा होते. २,५०० आरपीएमला ती किरकोळ ठरते. स्कॅनरवरच्या शॉर्ट आणि लाँग फ्युएल ट्रिमची (इंजिनचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो त्या आकड्यांची) बेरीज आयडलला +२० टक्क्यांच्या आसपास असेल आणि रेस दिल्यावर +५ वर उतरत असेल, तर गळतीच शोधा. रेस देऊनही उतरत नसेल किंवा वाढत असेल, तर पेट्रोलचा दाब आणि सेन्सर तपासा.

मात्र आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या छोट्या गाड्यांत हवा थेट मोजली जात नाही, मॅप सेन्सर मॅनिफोल्डमधला दाब मोजतो. तिथे चोरून आलेली हवाही हिशेबात येते, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवतो, आणि कोड न येताच आयडल चढं राहतं किंवा हेलकावे खातं. अशा गाडीत इंजिन चालू ठेवून पाइपांच्या जोडांवर आणि गॅस्केटच्या कडेने कार्ब क्लीनर (कार्ब्युरेटर साफ करायचा स्प्रे) थोडा थोडा मारून बघा. आवाज बदलला की जागा सापडली. तो पेट घेतो, तेव्हा तापलेल्या एक्झॉस्टपासून आणि प्लगच्या वायरींपासून लांबच ठेवा.

ऑक्सिजन सेन्सरची परीक्षाही कार्ब क्लीनरच्या त्याच डब्यावर होते. इंजिन गरम झाल्यावर साध्या झिर्कोनिया सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत हलत असतो. हवेच्या पाइपात चिमूटभर फवारा मारला की तो झटकन ०.८ च्या वर गेला पाहिजे. गेला, तर सेन्सर ठीक आहे, पैसे वाचवा. खालीच अडकून राहिला, तरी नवा आणण्याआधी त्याच्या अलीकडचे एक्झॉस्टचे जोड बघून घ्या. तिथे फट असेल तर नवा सेन्सरही लीनच दाखवेल.