ओडिसियस: नायक की कपटी? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

ग्रीक महाकाव्यांतल्या पात्रांपैकी ज्याच्यावरून सर्वांत जास्त भांडणं झाली, तो ओडिसियस, ट्रॉयच्या युद्धावर गेलेला इथाका बेटाचा राजा. ग्रीकांचा थोर योद्धा अकिलीस याच्या रागाबद्दल मतभेद असतील, पण हा माणूस कसा आहे ते ट्रॉयच्या युद्धावरच्या ‘इलियड’च्या पहिल्याच सर्गात कळतं. ओडिसियसचं तसं नाही. त्याच्या घरी परतण्याची गोष्ट सांगणाऱ्या ‘ओडिसी’चे 24 सर्ग, सुमारे 12 हजार ओळी वाचूनही त्याला शहाणा म्हणावं की बेरकी, हे प्रत्येक काळाने आपापल्या सोयीने ठरवलं.

घोळ मुळात या दोन्ही काव्यांचा कवी होमर याचाच आहे. ‘इलियड’च्या नवव्या सर्गात ओडिसियस रुसलेल्या अकिलीसची समजूत काढायला जातो. ग्रीकांचा सेनापती राजा अगामेम्नॉनने देऊ केलेल्या भेटींची यादी तो जवळजवळ शब्दशः म्हणून दाखवतो, फक्त राजाचं शेवटचं उर्मट वाक्य, ‘त्याने मला थोरला मानून नमावं’, हे हळूच गाळतो. अकिलीसला ते वाक्य माहीत असण्याचं कारण नाही. तरीही तो उत्तर देतो की मनात एक आणि ओठांवर दुसरं ठेवणारा माणूस मला मृत्युलोकाच्या दारासारखा नकोसा वाटतो. नाव घेत नाही, पण समोर कोण बसलंय ते ऐकणाऱ्याला दिसतंच.

‘ओडिसी’त नेमकी हीच खोड देवीला आवडते. तेराव्या सर्गात इथाकाच्या किनाऱ्यावर मेंढपाळ पोराच्या रूपात अथीना भेटते आणि ओडिसियस तिला थाप मारतो: मी क्रीटचा, एकाला मारून पळून आलोय. ती हसते, त्याला कुरवाळते. तुझ्यावर मात करायला देवसुद्धा बिलंदर हवा, म्हणते. त्याचा आजोबा ऑटोलिकस चोरीत आणि शपथांच्या कसरतीत पटाईत होता, हेही काव्य कौतुकानेच सांगतं. आणि एकडोळ्या राक्षसापासून गाण्याने खलाशांना भुलवणाऱ्या सायरनपर्यंतची सगळी प्रसिद्ध साहसं (सर्ग 9 ते 12) आपण ओडिसियसच्याच तोंडून ऐकतो, तीही ज्यांच्याकडून घरी जायला जहाज हवंय अशा यजमानांसमोर. सगळाच बनाव म्हणता येणार नाही. राक्षसाचा आणि सोबत्यांनी खाल्लेल्या सूर्यदेवाच्या गुरांचा उल्लेख कवीने स्वतः पहिल्या सर्गात केला आहे. पण बाकीच्याला साक्षीदार नाही, सोबती सगळे मेलेले.

ग्रीक कवी पिंडारने इ.स.पू. पाचव्या शतकातच ही फट हेरली. होमरच्या गोड वाणीमुळे ओडिसियसची कीर्ती त्याने सोसलेल्या दुःखापेक्षा मोठी झाली, असं तो सुनावतो. त्याची सहानुभूती मेलेल्या अकिलीसच्या शस्त्रांसाठी ओडिसियसशी झालेल्या वादात हरलेल्या योद्ध्याकडे, एजॅक्सकडे आहे. होमरने नावही न घेतलेल्या पॅलामिडीस या ग्रीक वीराची गोष्ट तेव्हा प्रचलित होतीच: युद्ध टाळायला ओडिसियसने घेतलेलं वेडाचं सोंग पॅलामिडीसने उघडं पाडलं आणि ओडिसियसने पुढे कपटाने त्याचा काटा काढला.

खरा पालट अथेन्सच्या रंगभूमीवर झाला. नाटककार सोफोक्लीसच्या ‘एजॅक्स’मध्ये ओडिसियस मोठ्या मनाचा आहे; मेलेल्या शत्रूला, एजॅक्सला मूठमाती मिळावी म्हणून तो आपल्याच सेनापतींशी भांडतो. त्याच सोफोक्लीसने इ.स.पू. 409 मध्ये ‘फिलोक्टेटीस’ रंगवलं, आणि त्यात ओडिसियस एका कोवळ्या मुलाला खोटं बोलायला शिकवतो. एका बेटावर टाकून दिलेल्या जखमी माणसाचं धनुष्य पळवायचं, आणि मुलगा अकिलीसचा! काम झाल्याशी मतलब, असं हे पात्र उघड म्हणतं. मधल्या काळात अथेन्सने काय पाहिलं ते ध्यानात घ्यावं. स्पार्टाशी युद्ध 431 पासून चाललेलं, सभेत गोड बोलून मतं फिरवणारे पुढारी, आणि 411 मध्ये लोकशाही उलथवून आलेली चारशे जणांची सत्ता. प्रेक्षकांना ओडिसियस ओळखीचा वाटला असणार. युरिपिडीसच्या ‘हेक्युबा’तही तो असाच आहे, उपकार विसरणारा वक्ता.

प्लेटोने मात्र त्याला वेगळीच सुट्टी दिली. ‘रिपब्लिक’च्या शेवटी मृतांचे आत्मे पुढचा जन्म निवडतात, तेव्हा ओडिसियस शोधशोधून एका सामान्य, कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेल्या माणसाचं आयुष्य घेतो. मला हे त्याच्यावरचं सर्वांत मार्मिक भाष्य वाटतं.

पुढचा प्रवास भराभर सांगता येतो. स्वतःला ट्रॉयचे वंशज मानणाऱ्या रोमनांना ट्रॉयचा घात करणाऱ्या लाकडी घोड्याचा कर्ता क्रूरच वाटणार. रोमन कवी व्हर्जिलने तसाच रंगवला. स्टोइक तत्त्वज्ञांनी त्याच्यात सहनशील ज्ञानी पाहिला, तर ख्रिस्ती लेखक, अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने सायरनांचं गाणं ऐकताना त्याला बांधलं त्या डोलकाठीत क्रूस. इटालियन कवी डान्टेने त्याला नरकाच्या आठव्या वर्तुळात जाळलं, पण त्याच्या तोंडी ज्ञानासाठी जगाच्या सीमेपलीकडे जाण्याचं भाषणही घातलं. डान्टेने होमर वाचलेला नव्हता, त्याला ग्रीक येत नव्हतं. इंग्रज कवी टेनिसनची 1842 सालची कविता त्याच भाषणावर उभी आहे. होमरचा ओडिसियस घरी पोचायला धडपडतो. टेनिसनचा घरातून निघायला, आणि डान्टेचा तर घरी न परतताच पुढे निघतो.

आजचा वाद बाविसाव्या सर्गाभोवती फिरतो. ओडिसियसच्या बायकोशी, पेनेलोपीशी लग्न करायला त्याच्या घरात ठाण मांडलेले 108 मागणीदार मारल्यावर, पन्नास दासींपैकी त्यांच्याशी संग करणाऱ्या बारा जणींना त्याचा मुलगा टेलेमॅकस फासावर लटकवतो. मार्गारेट ॲटवूडच्या 2005 सालच्या ‘पेनेलोपियाड’ या कादंबरीत त्या बाराजणी बोलू लागतात.

पण जाब विचारणं हे काही आधुनिक वाचकांचं खूळ नाही. होमरचे प्राचीन संपादक, अलेक्झांड्रियाचे ॲरिस्टोफेनीस आणि ॲरिस्टार्कस यांच्या मते काव्य तेविसाव्या सर्गातच, नवरा-बायको शेजेवर जातात तिथे संपतं. पुढच्या ओळी त्यांनी पुसल्या मात्र नाहीत, म्हणून चोविसावा सर्ग आपल्या हाती आहे. त्यात एका मेलेल्या मागणीदाराचा बाप, युपेथीस, गावकऱ्यांपुढे रडत उभा राहतो: या माणसाने जाताना आपली जहाजं आणि माणसं नेऊन घालवली, परत येऊन उरलेली चांगली पोरं मारली. निम्म्याहून अधिक गावकरी घरी बसा म्हणणाऱ्यांचं ऐकत नाहीत आणि शस्त्रं घेऊन निघतात. ओडिसियसचा म्हातारा बाप युपेथीसला भाल्याने पाडतो आणि अथीना लढाई थांबवते. आरोपाला उत्तर कुणीच देत नाही.