कन्फेशनच्या जाळीतून समोरच्या खुर्चीकडे

ठाण्यात तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये रविवारची मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना, संपली तरी आवार लगेच रिकामं होत नाही. "फादर, पाच मिनिटं बोलायचं होतं," असं कुणीतरी हळूच म्हणतं. कुणाच्या घरी दारू, कुणाची मुलगी महिनाभर जेवायला नीट बसलेली नाही. पाच मिनिटांचा अर्धा तास होतो.

या बोलण्याचं मूळ कन्फेशनमध्ये, म्हणजे धर्मगुरूपुढे दिलेल्या पापांच्या कबुलीत आहे. गोवेकर त्याला 'कुमसार' म्हणतात. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने जाणत्या वयाच्या प्रत्येक कॅथलिकाला ते वर्षातून एकदा तरी सक्तीचं केलं. जाळीची लाकडी खोली मात्र सोळाव्या शतकातली, मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी रूढ केलेली. पोर्तुगीज ठाण्यात आले तेही त्याच शतकात. जाळीमागे तोंड लपतं आणि जीभ सुटते, हे खरं. पण तिथे सांगायचं ते पाप. रात्र रात्र झोप लागत नाही, हे काही पाप नव्हे. मग ते कुठे सांगायचं?

या प्रश्नाला हात घातला अमेरिकेतल्या अँटन बॉयसन या प्रोटेस्टंट धर्मसेवकाने. १९२० मध्ये तो स्वतःच मनोरुग्णालयात दाखल झाला होता. बरा झाल्यावर, १९२५ मध्ये, त्याने धर्मशास्त्राचे विद्यार्थी वुस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात नेले. ग्रंथ वाचता तसं माणूस वाचायला शिका, असा त्याचा आग्रह. मला या सगळ्या इतिहासात हाच माणूस सगळ्यात जवळचा वाटतो. समुपदेशनाला आजचं वळण देणारा कार्ल रॉजर्सही धर्मसेवक व्हायलाच निघाला होता. दोन वर्षांत ती वाट सोडून मानसशास्त्राकडे वळला.

उलटा सूरही निघाला. १९७० मध्ये जे अ‍ॅडम्स या अमेरिकी धर्मसेवकाने मांडलं की शरीराचे आजार वगळले तर मनाच्या बहुतेक तक्रारींचं मूळ पापात आहे, आणि त्यावर बायबल पुरेसं आहे. नैराश्याने खचलेल्या माणसाला 'तुझी श्रद्धा कमी पडते' असं ऐकवणारे अजून भेटतात, त्याची एक मुळी इथे सापडते. ठाण्यात तरी हे चालू नये. मनोरुग्णालय इथे १९०१ पासून आहे आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था १९९० पासून. 'समुपदेशन' हा शब्द ठाणेकरांच्या तोंडात रुळला आहे.

कॅथलिक चर्चमध्ये बदल १९७३ च्या नव्या विधीने आला. जाळी ठेवायची मुभा राहिली, पण समोरासमोर बसून कन्फेशन करायलाही मान्यता मिळाली. यातून एक पेच मात्र उभा राहतो. कन्फेशनमध्ये ऐकलेलं धर्मगुरू कुणालाही, कधीही सांगू शकत नाही. समुपदेशक गुप्तता पाळतो, पण जिवावर बेतत असेल तर त्याला घरच्यांना किंवा डॉक्टरांना कळवावं लागतं. दोन्हीकडे खुर्च्या त्याच, माणसंही तीच. म्हणून जाणता फादर बसल्या बसल्या आधी विचारतो, "कन्फेशन करायचंय, की नुसतं बोलायचंय?" कन्फेशन म्हटलं तर तो जांभळी पट्टी गळ्यात घालतो. नुसतं बोलायचं असेल, तर ती घडी घालून बाजूला ठेवलेलीच राहते.