पुरलेली क्लिप की सुटी? डोअर ट्रिममधल्या एका निर्णयाची पार्श्वभूमी

गाडीच्या दाराचं आतलं पॅनेल, म्हणजे डोअर ट्रिम, एकेकाळी हार्डबोर्डचं असायचं. वरून रेक्झिन, मागे पोलादी स्प्रिंग क्लिपा. त्या पत्र्याच्या भोकांत दाबून बसवायच्या. पाणी झिरपलं की क्लिप गंजायची, बोर्ड फुगायचा. नायलॉन आणि ॲसिटल या प्लॅस्टिकच्या क्लिपा आल्यावर गंज संपला, खडखडही कमी झाली. पुढे इंजेक्शन मोल्डिंग, म्हणजे मोल्डमध्ये (साच्यात) वितळलेलं प्लॅस्टिक दाबाने भरणं, रुळलं, अख्खं ट्रिम एकाच भरणीत निघू लागलं आणि खरा वाद उभा राहिला: क्लिप सुटी ठेवायची की ट्रिममध्येच पुरायची?

सुट्या क्लिपसाठी ट्रिमच्या पाठीवर खाच असलेलं छोटं खोकं मोल्ड करतात. कारखान्यात त्याला डॉगहाऊस म्हणतात. त्याच्या भिंती जिथे ट्रिमला मिळतात तिथे प्लॅस्टिक जाड होतं, थंड होताना आत ओढलं जातं आणि दर्शनी बाजूला खळगा उमटतो. खाच सोडवायला मोल्डमध्ये सरकते भाग लागतात, मोल्ड महागतो. शिवाय क्लिपा सरकवायला माणूस लागतो, तो वेगळाच.

पुरण्याच्या पद्धतीत तयार क्लिप आधी मोल्डमध्ये ठेवून तिच्याभोवती प्लॅस्टिक भरतात. भोकात शिरताना भिंती आत दबायला हव्यात, म्हणून क्लिप पोकळ ठेवलेली असते. शेकडो बारच्या दाबाने आलेलं वितळलेलं प्लॅस्टिक नेमकी तीच पोकळी भरून टाकतं किंवा भिंती चेपतं. त्यामुळे आतून कोअर पिनचा (पोकळीत बसणाऱ्या दांडीचा) आधार आणि तोंडाशी पक्कं सील हवंच. तापमानाचंही पाहावं लागतं. ट्रिमचं प्लॅस्टिक, पॉलिप्रॉपिलीन, साधारण २०० ते २५० अंश सेल्सिअसला भरतात. ॲसिटल १७५ च्या आसपासच वितळतं, नायलॉन ६६ मात्र २६० पर्यंत टिकतं. नायलॉन आणि पॉलिप्रॉपिलीन एकमेकांना चिकटत नाहीत, म्हणून क्लिपच्या तळाला कॉलर आणि भोकं ठेवतात. प्लॅस्टिक त्यांतून आरपार जाऊन पकड घेतं. क्लिपभोवती पॉलियुरेथेन फोम भरायचा असेल तर दाब कमी, तिथे हे काम बरंच सोपं.

असेंब्ली लाइनला पुरलेली क्लिप सोयीची, यात शंका नाही. पण हिशेब तिथेच थांबवला गेला, हे मला पटत नाही. काच वर-खाली करणारी यंत्रणा बिघडली की ट्रिम उतरवावंच लागतं. सुटी क्लिप तुटली तर काही रुपयांत नवी बसते. पुरलेली तुटली की अख्खं ट्रिम बदलायचं, आणि तो भुर्दंड गाडीमालकाला. कारखान्यात वाचलेले पैसे गॅरेजमध्ये दुसऱ्याच्या खिशातून जातात.

युरोपच्या भंगार वाहनांविषयीच्या २००० सालच्या नियमांनी या वादात आणखी एक बाजू आणली. २०१५ पर्यंत गाडीच्या वजनाचा ९५ टक्के भाग पुन्हा वापरण्याचं किंवा त्यातून साहित्य वा ऊर्जा परत मिळवण्याचं बंधन आलं. भंगारातल्या प्लॅस्टिकचे तुकडे पाण्यात टाकून वेगळे करता येतात: साधं पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगतं, नायलॉन बुडतं. क्लिप सुटी असेल तर वेगळी निघते, पुरलेली तुकड्यांत अडकून राहते. क्लिपही पॉलिप्रॉपिलीनचीच केली तर ही अडचण मिटते, पण सततच्या ताणाखाली ती सैल पडते आणि कडक थंडीत ठिसूळ होते.