अ‍ॅक्सेप्टन्स क्रायटेरिया वेगळे, डेफिनिशन ऑफ डन वेगळी

स्क्रम म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या छोट्या टप्प्यांत बनवण्याची पद्धत. तिच्या प्रशिक्षणात दुसऱ्या दिवशी सकाळी मी टीमला एकच काम देते: तुमची डेफिनिशन ऑफ डन, म्हणजे काम ‘पूर्ण झालं’ कधी म्हणायचं याची व्याख्या, फळ्यावर लिहा. पाच मिनिटांत फळा भरतो. ‘चुकीचा पासवर्ड टाकला तर एरर दिसावा.’ ‘पावतीची पीडीएफ डाउनलोड व्हावी.’ ‘पीओने अप्रूव्ह केलेलं असावं.’ ‘कोड रिव्ह्यू झालेला असावा.’ पहिल्या दोन ओळी अ‍ॅक्सेप्टन्स क्रायटेरिया आहेत. चौथी खरोखर डेफिनिशन ऑफ डनमधली आहे. तिसरी (पीओ म्हणजे प्रॉडक्ट ओनर, काय बनवायचं ते ठरवणारी व्यक्ती) मात्र दोन्हींपैकी कशातच बसत नाही, आणि सगळ्यात जास्त नुकसान तीच करते. त्या ओळीकडे सावकाश येऊ.

अ‍ॅक्सेप्टन्स क्रायटेरिया बहुतेकांना चांगले माहीत असतात, म्हणून त्यावर थोडक्यात. एका स्टोरीतून, म्हणजे वापरणाऱ्याच्या एका गरजेच्या छोट्या वर्णनातून, नेमकं काय मिळायला हवं याच्या त्या अटी. यूजर स्टोरी हा प्रकार मुळात एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या दुसऱ्या पद्धतीतला. रॉन जेफ्रीज यांनी २००१ साली स्टोरीचे तीन भाग सांगितले: कार्ड, त्यावरची चर्चा आणि शेवटची खातरजमा. आपले क्रायटेरिया म्हणजे ही खातरजमा. स्क्रम गाइडमध्ये, म्हणजे स्क्रमच्या अधिकृत नियमपुस्तिकेत, यूजर स्टोरीही नाही आणि अ‍ॅक्सेप्टन्स क्रायटेरियाही नाहीत. त्या वापरू नयेत असं नाही, मीही शिकवते. पण ‘स्क्रममध्ये क्रायटेरिया लिहावेच लागतात’ असं शिकवू नये. गिव्हन-व्हेन-देनच्या (‘असं असताना, असं केलं, तर असं व्हावं’) साच्यात लिहायचे की साध्या वाक्यांत, हा आवडीचा भाग. मला साधी वाक्यं आवडतात, कारण साचा भरण्याच्या नादात चर्चा राहून जाते.

डेफिनिशन ऑफ डन मात्र स्क्रमच्या गाभ्यातली. नोव्हेंबर २०२० च्या स्क्रम गाइडमध्ये तिन्ही आर्टिफॅक्टना एकेक कमिटमेंट जोडली आहे: प्रॉडक्ट बॅकलॉगला (प्रॉडक्टच्या सगळ्या बाकी कामांची यादी) प्रॉडक्ट गोल, स्प्रिंट बॅकलॉगला (एका स्प्रिंटची, म्हणजे कामाच्या एका ठरलेल्या टप्प्याची यादी) स्प्रिंट गोल आणि इन्क्रिमेंटला (प्रॉडक्टमध्ये पडलेली वापरण्याजोगी भर) डेफिनिशन ऑफ डन. म्हणजे ती स्टोरीशी नाही, इन्क्रिमेंटशी बांधलेली आहे. एखादं काम ही व्याख्या पूर्ण करतं त्या क्षणी इन्क्रिमेंट जन्माला येतं, असं गाइड म्हणतं. त्याआधी जे असतं ते फक्त चालू काम.

किरकोळ फरक एका दमात सांगते. क्रायटेरिया प्रत्येक स्टोरीचे निराळे, व्याख्या प्रॉडक्टला एक. एकाच प्रॉडक्टवर पाच टीम असल्या तरी एकच, आणि ती पाचही जणींनी मिळून ठरवायची. क्रायटेरिया तिकिटात, म्हणजे स्टोरीच्या नोंदीत, राहतात, व्याख्या भिंतीवर किंवा विकीच्या पहिल्या पानावर. कंपनीचा ठरलेला दर्जा असेल तर तो किमान पाळायचा, नसेल तर स्क्रम टीमने स्वतः व्याख्या करायची. इथे प्रशिक्षकांना एक विनंती: २०१७ च्या गाइडमध्ये हे काम डेव्हलपमेंट टीमचं होतं, २०२० मध्ये ते पीओसकट पूर्ण स्क्रम टीमचं झालं. जुन्या स्लाइड कृपया बदला. त्या वाचून मुलं सर्टिफिकेशनच्या परीक्षेला बसतात.

वर्गात मी शिंप्याचं उदाहरण देते. ब्लाउज शिवायला टाकताना गळा किती खोल, बाही कुठपर्यंत, हूक पुढे की मागे, हे गिऱ्हाईक सांगतं आणि शिंपी वहीत लिहून घेतो. प्रत्येक ब्लाउजचं वेगळं. पण टाके पक्के असणं, आत उसवायला माया ठेवणं, लोंबते दोरे कापणं, इस्त्री करणं, हे कुठलंच गिऱ्हाईक सांगत नाही आणि वहीतही नसतं. त्या दुकानातून बाहेर पडणारा प्रत्येक कपडा तसाच असतो. इथवर सगळे माना डोलावतात. ‘म्हणजे एक स्पेसिफिक आणि एक जनरल, एवढंच ना?’ असं कुणीतरी विचारतं. नाही, एवढंच नाही. एवढ्यावर थांबलेली टीम पुढच्याच स्प्रिंटमध्ये अडकते. खरा प्रश्न असा आहे: गिऱ्हाइकाने ‘राहू द्या हो, घाई आहे, माया नाही ठेवली तरी चालेल’ म्हटलं, तर कपडा पूर्ण झाला का?

आता ती तिसरी ओळ. पुण्यातल्या एका टीमबरोबर मी काम करत होते. बसचं तिकीट रद्द करण्याची स्टोरी होती. क्रायटेरिया तीन: प्रवासाच्या २४ तास आधी रद्द केलं तर पूर्ण परतावा, नंतर केलं तर निम्मा, आणि दोन्ही वेळा एसएमएस. गुरुवारी संध्याकाळी डेव्हलपरने आपल्या लॅपटॉपवर तिन्ही गोष्टी पीओला दाखवल्या. पीओ खूश होऊन म्हणाल्या, ‘मस्त, चालेल.’ स्टोरीचं तिकीट जिरामध्ये (कामांची नोंद ठेवण्याचं सॉफ्टवेअर) डनच्या रकान्यात गेलं. कोड तेव्हा त्या डेव्हलपरच्या ब्रँचमध्येच, म्हणजे त्याच्या वेगळ्या प्रतीतच होता. दुसऱ्या कुणी तो वाचला नव्हता, जुन्या चाचण्या चालवल्या नव्हत्या. दरम्यान दुसऱ्या एका स्टोरीने पेमेंटचं मॉड्यूल बदललं होतं. पुढच्या आठवड्यात दोन्ही कोड एकत्र झाले आणि काही प्रवाशांना परतावा दोनदा गेला. रेट्रोमध्ये, म्हणजे स्प्रिंटच्या शेवटी आपण कसं काम केलं ते पाहायच्या बैठकीत, सगळ्यांचं म्हणणं एकच: ‘पण पीओने अ‍ॅक्सेप्ट केलं होतं ना!’

केलं होतंच. अटी तिन्ही पूर्ण झाल्या होत्या, पीओंनी काही चूक पाहिली नव्हती. पण काम डन नव्हतं, आणि पीओंच्या होकाराने ते होणारही नव्हतं. ‘अ‍ॅक्सेप्टन्स’ हा शब्दच इथे दिशाभूल करतो. पीओने स्टोरी ‘स्वीकारली’ म्हणजे ती ‘पूर्ण झाली’, असं वाटायला लागतं. पण स्टोरी स्वीकारण्याचा असा कुठलाही सोपस्कार गाइडमध्ये नाही. व्याख्या पाळण्याची जबाबदारी डेव्हलपरांवर आहे. ती पूर्ण न करणारं काम रिलीज तर करता येत नाहीच, स्प्रिंट रिव्ह्यूमध्ये दाखवताही येत नाही. ते परत प्रॉडक्ट बॅकलॉगमध्ये जातं. त्यात ‘पीओची परवानगी असल्यास’ अशी पळवाट नाही. म्हणूनच ‘पीओने अप्रूव्ह केलेलं असावं’ ही ओळ मी फळ्यावरून पुसते. ती राहिली की दर्जाचा प्रश्न एका माणसाच्या मर्जीवर आणि त्या दिवशीच्या घाईवर येऊन बसतो.

हे पटलं नाही तर गाइडमधली स्प्रिंटबद्दलची छोटी यादी उघडून शेजारी ठेवा. स्प्रिंट चालू असताना काय काय पाळायचं याचे त्यात चार मुद्दे आहेत. दुसरा: दर्जा कमी होत नाही. चौथा: जसजसं शिकत जाऊ तसतसा पीओशी बोलून स्कोप स्पष्ट करता येतो, नव्याने ठरवता येतो. या दोन मुद्द्यांत आपला सगळा गोंधळ सुटतो. क्रायटेरिया चौथ्या मुद्द्यातले आहेत. बुधवारी लक्षात आलं की निम्म्या परताव्याचं गणित फार किचकट आहे, तर पीओशी बोला, ती अट पुढच्या स्टोरीत टाका, स्प्रिंट गोल धोक्यात येत नसेल तर अडचण नाही. डेफिनिशन ऑफ डन दुसऱ्या मुद्द्यातली आहे. बुधवारी वेळ कमी पडला म्हणून ‘या वेळी चाचण्या नकोत’ असं ठरवता येत नाही. ना पीओला, ना डेव्हलपरांना, ना मॅनेजरला. वेळ कमी पडला तर काम कमी करायचं, दर्जा नाही.

म्हणूनच एका सवयीला माझा ठाम विरोध आहे: डेफिनिशन ऑफ डनची यादी प्रत्येक तिकिटात क्रायटेरियांच्या खाली चिकटवणं. हेतू चांगला असतो, विसरू नये म्हणून. पण तिकिटात आलेली प्रत्येक ओळ त्या तिकिटापुरती वाटाघाटीला खुली होते. कुणीतरी ‘ही स्टोरी लहान आहे’ म्हणत रिव्ह्यूची ओळ काढतं, आणि दोन महिन्यांत ती निम्म्या तिकिटांत नसते. यादी एकाच जागी ठेवा. जिथे सहज खोडता येणार नाही अशा जागी.

आपल्या मराठीत एक धोक्याची खूण आहे, ती ऐकायला शिका. डेली स्क्रममध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत, कुणी ‘झालं’ म्हटलं तर ठीक. ‘झालंच आहे’, ‘झालंच समजा’ म्हटलं की थांबून विचारा, व्याख्येतलं काय राहिलंय? बहुतेक वेळा उत्तर येतं: ‘फक्त टेस्टिंग.’

‘आम्हाला दर स्प्रिंटमध्ये लोड टेस्टिंग शक्यच नाही’ (म्हणजे खूप लोक एकदम आले तर यंत्रणा टिकते का याची चाचणी) असं काही टीम सांगतात, आणि ते खरंही असतं. मग ते व्याख्येत खोटंखोटं लिहू नका. आज जेवढं खरोखर जमतं तेवढीच व्याख्या करा आणि राहिलेलं काम प्रॉडक्ट बॅकलॉगमध्ये उघड ठेवा, म्हणजे रिलीजला किती काम बाकी आहे ते पीओला दिसेल. रेट्रोमध्ये डेफिनिशन ऑफ डन तपासावी असं गाइडच सांगतं. तिथे एकेक ओळ वाढवत न्या. रिलीजच्या आधी ‘हार्डनिंग स्प्रिंट’ लावून सगळं एकदम उरकण्यापेक्षा हे कितीतरी बरं. आणि व्याख्येत ‘सर्व अ‍ॅक्सेप्टन्स क्रायटेरिया पूर्ण’ अशी एक ओळ असायला हरकत नाही, पण तेवढी एकच ओळ असेल तर तुमच्याकडे व्याख्या नाही.

शेवटी मी वर्गात चिठ्ठ्या वाटते आणि दोन ढीग करायला सांगते. एका चिठ्ठीवर हटकून भांडण होतं: ‘पान दोन सेकंदांत उघडावं.’ अर्धा वर्ग म्हणतो क्रायटेरिया, अर्धा म्हणतो डन. मी उलट विचारते: दिवाळीच्या गर्दीत हेच पान तीन सेकंदांत उघडतंय आणि पीओ म्हणतात, या पानाला चालेल. तुम्ही पुढे जाल का? ‘हो’ असेल तर चिठ्ठी क्रायटेरियाच्या ढिगात. ‘नाही, आमचं कुठलंच पान याहून हळू बाहेर जात नाही’ असं उत्तर असेल तर ती डेफिनिशन ऑफ डनमध्ये, आणि मग ती उद्यापासून प्रत्येक पानाला लागू.