३९० ड्यूक की स्पीड ४००, साताऱ्याच्या रस्त्यावरनं बघितलं तर

परवा भाच्याचा फोन आला, "मामा, दोन्ही चारशे सीसीच्याच ना, दोन्ही चाकणलाच बनतात, इंजिन पण एकच आहे म्हणे, मग जी स्वस्त पडेल ती घेतो की." हेच्या आधी अजून तिघाचौघांनी मला अगदी हेच विचारलंय, त्यामुळं म्हटलं एकदा बसून सगळं नीट लिहूनच टाकतो. आमच्या घरात या दोन्ही मोटारसायकली आहेत. माझी ट्रायम्फ स्पीड ४००, धाकट्या भावाची केटीएम ३९० ड्यूक, आणि किल्ल्या खुंटीवर शेजारी शेजारी असतात म्हणून ज्याला जी हवी ती तो घेऊन जातो. म्हणजे हे जे लिहितोय ते दोन्ही रोज चालवून लिहितोय.

पहिली गोष्ट, इंजिन एक नाही. हा गैरसमज कुठनं आला ते पण समजण्यासारखं आहे. बजाज आणि केटीएमचं नातं २००७ पासनंचं, पहिली ३९० ड्यूक आपल्याकडं २०१३ ला आली, ३७३ सीसीची. ट्रायम्फबरोबर बजाजचा करार जानेवारी २०२० चा, आणि त्यातनं स्पीड ४०० जुलै २०२३ ला आली, ३९८ सीसी घेऊन. लोकांनी तेव्हाच म्हणायला सुरुवात केली की हे ड्यूकचंच इंजिन थोडं मोठं केलंय. आणि मग सप्टेंबर २०२३ ला नवीन ड्यूक आली ती ३७३ वरनं एकदम ३९९ सीसीची होऊन, झालं, सगळ्यांना वाटलं बघा आम्ही सांगत होतो. पण ट्रायम्फचं इंजिन त्यांनी वेगळं डिझाईन केलेलं आहे, केटीएमचं त्यांचं त्यांचं आहे. दोन्ही एक सिलिंडर, दोन्ही लिक्विड कूल्ड, दोन्हीला चार व्हॉल्व्ह, सहा गिअर, सतरा इंची चाकं, दोन्ही चाकणच्या, हे सगळं खरं. एकाच शाळेतली दोन पोरं म्हणा हवं तर, पण भाऊ नव्हेत.

आता आकडे. ड्यूकची ताकद ४६ पीएस, ८५०० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला तेवढे फेरे मारतं तेव्हा, आणि टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, ३९ न्यूटन मीटर, ६५०० ला. स्पीडची ४० पीएस, ८००० ला, टॉर्क ३७.५, तोही ६५०० लाच. वजन ड्यूकचं १६८ किलो, स्पीडचं त्याहून काही किलो जास्त. म्हणजे टॉर्कमध्ये फरक नुसता दीडचा, मग सहा पीएस आले कुठनं? इथं जरा थांबून समजून घ्या कारण सगळी मेख इथंच आहे. पीएस म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, दुसरं काही नाही. उलटा हिशोब केला तर ८५०० आरपीएमला ड्यूककडं अजून ३८ च्या आसपास टॉर्क शिल्लक असतो, म्हणजे जवळजवळ सगळाच. स्पीडकडं ८००० ला ३५ च्या आसपास उरतो. तर ड्यूक वरच्या आरपीएमला दम धरते आणि स्पीडचा जोर तिथं हळूहळू कमी होत जातो, आणि खाली मधल्या पट्ट्यात, साधारण तीन ते सहा हजारात, दोघींमध्ये तुम्हाला वाटतो तेवढा फरक नसतोच. उलट स्पीड तिथं जास्त निवांत वाटते, मऊ ओढते, गिअर चुकला तरी सांभाळून घेते.

आता हे यवतेश्वरच्या घाटात काय होतं ते सांगतो. समर्थ मंदिराकडनं घाट चढायला लागलं की दोनतीन वळणांनंतर हमखास समोर एसटी असते. पावसाळ्यातली सकाळ, धुकं, रस्त्याच्या कडेला शेवाळ, एसटी पहिल्या गिअरात कण्हत चाललीय आणि तुम्ही तिच्यामागं, मागं बायको बसलेली. अशा वेळी स्पीड दुसऱ्या गिअरात ठेवायची आणि विसरायचं, क्लचला दोन बोटं नुसती टेकवून ठेवली तरी बास, ती तीन हजाराच्या आसपास न धडपडता चालत राहते. तीच जागा, तीच एसटी आणि हाताखाली ड्यूक असली की माझा डावा हात आपोआप क्लचवर घट्ट होतो, कारण तिला खाली रेंगाळायला आवडत नाही, चेन खडखडते, ती म्हणते एक तर पहिला टाक नाहीतर जाऊ दे मला. मग एसटीवाला हात दाखवतो, जा म्हणतो, आणि तिथनं पुढं मात्र ड्यूक जी सुटते ना, दुसऱ्याचा तिसरा क्लच न दाबता टाकायचा, क्विकशिफ्टर आहे, आणि सहा हजाराच्या पुढं जो आवाज आणि जो जोर येतो तो स्पीडमध्ये नाही. भाऊ एकटा पहाटे कासला जातो तेव्हा तो माझ्या गाडीच्या किल्लीकडं बघत पण नाही. आणि त्याचं बरोबर आहे.

बसायची पद्धत हा दुसरा मोठा मुद्दा, आणि टेस्ट राईडच्या पाच मिनिटांत तो कळत नाही. ड्यूकची सीट ८२० मिलिमीटर, स्पीडची ७९०. तीन सेंटीमीटर म्हणजे काय, असं वाटेल. आमचं घर माची पेठेत, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला, गल्लीला असा चढ आहे की बॉल सोडला तर खाली जाऊनच थांबतो. रोज सकाळी गाडी उताराला तोंड करून उभी असते आणि ती मागं रेटत वळवून घ्यायची असते. माझी उंची पाच फूट सहा इंच. स्पीडवर दोन्ही पाय जवळजवळ पूर्ण टेकतात आणि मी बसल्या बसल्या मागं रेटतो. ड्यूकवर फक्त चवडे टेकतात, चवड्यांवर एकशे अडुसष्ट किलो चढाला मागं रेटता येत नाही, मग उतरायचं, हँडल धरायचं, कमरेनं ढकलायचं. भाऊ पाच दहा आहे, त्याला यातलं काहीच जाणवत नाही. सपाट मैदानावरच्या शोरूममध्ये हे कुणाच्याच लक्षात येत नाही म्हणून मुद्दाम सांगतोय, तुमच्या दारात चढ असेल तर गाडी चढावर उभी करून बघा.

मागच्या सीटचं बोलायचं तर स्पीडची सीट एकसलग आहे, मागच्याला बऱ्यापैकी जागा मिळते. ड्यूकची मागची सीट वेगळी, उंच आणि अरुंद. आई ड्यूकवर एकदाच बसली, सज्जनगडापर्यंत, येताना म्हणाली मी रिक्षानं येते. डबलसीट रोजचं असेल तर हा एक मुद्दाच निकाल लावतो.

पण ड्यूकला जे जास्तीचे पैसे पडतात ते कुठं जातात तेही प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, कारण बरेच जण म्हणतात नुसते स्टिकरचे पैसे, आणि ते चुकीचं आहे. शॉकअप बघा. दोन्हीला पुढं ४३ मिलिमीटरचे उलटे फोर्क, पण ड्यूकचे तुम्ही स्वतः कडक मऊ करू शकता, पुढचे आणि मागचा पण, आणि त्यांची हालचाल दोन्हीकडं १५० मिलिमीटर. स्पीडला पुढं काही फिरवायला नाही, मागं फक्त प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, आणि हालचाल पुढं १४०, मागं १३०. पुढची ब्रेक डिस्क ड्यूकची ३२०, स्पीडची ३००. शिवाय ड्यूकमध्ये गाडी किती झुकलीय ते ओळखणारा सेन्सर आहे, त्यामुळं वळणात झुकलेल्या गाडीला अचानक ब्रेक मारला तरी एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, तो झुकाव धरून काम करतं. पावसाळ्यात घाटात, वळणावर म्हशी रस्त्यात उभ्या, हे आपल्याकडं रोजचं आहे, तर या गोष्टीची किंमत मी तरी कमी लेखणार नाही. स्पीडला दोन्ही चाकांना साधं एबीएस आणि मागचं चाक जागेवर घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल आहे, बास. रेनसारखे मोड नाहीत, डिस्प्ले पण काट्याचा आणि बाजूला छोटा स्क्रीन. मला तो काटा आवडतो, उन्हात लगेच दिसतो, पण ही आवडीची गोष्ट झाली.

हायवेला म्हणाल तर साताऱ्यावरनं पुणं एकशेदहा किलोमीटर, दोन्ही आरामात जातात. ताशी शंभरच्या वेगाला दोन्ही निवांत असतात, पुढं वारा छातीवर येतो कारण दोन्ही उघड्या गाड्या आहेत, काच नाही. पुण्याहून येताना खंबाटकी चढताना ट्रकच्या रांगेतनं बाहेर निघायचं असतं तेव्हा ड्यूकचा एक गिअर पाडला की काम होतं, स्पीडला थोडं आधी ठरवायला लागतं. टाकी ड्यूकची १५ लिटर, स्पीडची १३. एव्हरेज लिटरला तीसच्या आसपास धरलं तर एका टाकीत साठेक किलोमीटरचा फरक पडतो, कोकणात कुंभार्लीतनं उतरून जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

पैशाचं. आल्या तेव्हा स्पीड २ लाख ३३ हजार आणि ड्यूक ३ लाख ११ हजार, एक्स शोरूम. नंतर किमती वरखाली झाल्या, शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांना ४० टक्के जीएसटी लागला, म्हणून आजचा आकडा ऑन रोडचाच विचारा, इन्शुरन्स आणि आरटीओ धरून, आणि तो कागदावर लिहून घ्या, तोंडी नको. स्पीडची सर्व्हिस सोळा हजार किलोमीटरला असं सगळे सांगतात, पण त्यात सोळा हजार किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते असं आहे. आपण गावात फिरणारे लोक, वर्षच आधी होतं.

सेकंडहँड बघणाऱ्यांनी मात्र डोळे उघडे ठेवा. २५० ड्यूक आणि ३९० ड्यूक लांबनं सारख्याच दिसतात, २५० ची ताकद ३१ पीएस. तसंच ट्रायम्फची स्पीड टी४ म्हणून एक आहे, ती पण ३१ पीएसचीच, नावात स्पीड आणि टाकी तशीच, विकणारा नुसतं स्पीड म्हणतो आणि घेणारा ४०० समजतो. आणि ३९० मध्ये पण जुनी ३७३ वाली की नवी ३९९ वाली ते आरसीवर सीसी वाचून बघा. जुनीचा सायलेन्सर उजव्या बाजूला बाहेर दिसत असेल तर ती २०१७ पासनंची पण २०२३ च्या नव्या मॉडेलच्या आधीची, नवीचा पोटाखाली आहे. २०१३ ते १६ च्या गाड्यांचा पण पोटाखालीच होता, म्हणून नुसता सायलेन्सर बघून फसू नका.

भाच्याला मी काय सांगितलं ते सांगतो. तो कराडला नोकरीला, रोज साताऱ्यावरनं जाऊन येऊन शंभर किलोमीटर, एकटा, उंची पाच अकरा, अजून लग्न नाही, आणि रविवारी मेढ्यावरनं महाबळेश्वर हा त्याचा ठरलेला रस्ता. त्याला मी ड्यूक घे म्हणालो, पैसे जरा जास्त जाऊ देत. हाच पोरगा गावातल्या गावात फिरणारा, मागं कुणीतरी कायम बसलेलं, आणि ट्रॅफिकमध्ये पोवई नाक्यावर रोज दोनदा अडकणारा असता तर मी त्याला दुसऱ्या मिनिटाला स्पीडच्या शोरूमला घेऊन गेलो असतो.

तरी घ्यायच्या आधी माझ्याकडं ये म्हटलंय, शनिवारी दोन्ही किल्ल्या देतो, ताईला मागं बसव आणि एकदा कासपर्यंत स्पीडवर, एकदा ड्यूकवर जाऊन ये. ती आधीच म्हणालीय की ड्यूकवर फक्त यवतेश्वरापर्यंत येईन.