दिल्लीचा दरबार आणि एक रतल धान्य : पार्श्वभूमी

दिल्लीत 1 जानेवारी 1877 रोजी भरलेल्या दरबाराची आठवण आपल्याकडे बहुधा राणी व्हिक्टोरियाच्या ‘कैसर-ए-हिंद’ (हिंदुस्थानची सम्राज्ञी) या किताबापुरती निघते. परंतु 1876 मध्ये दख्खनेत पाऊस पडला नव्हता आणि सोलापूर, कलादगी, नगर या जिल्ह्यांतून माणसे गाव सोडून निघाली होती, हे ध्यानात घेतल्याखेरीज त्या थाटामाटावरील आक्षेपांचा उलगडा होत नाही. दरबाराला 63 संस्थानिक लवाजम्यासह आले आणि एकूण जमाव 80 हजारांच्या वर गेला. मुंबई आणि मद्रास या दुष्काळी इलाख्यांचे गव्हर्नरही ऐन टंचाईत दिल्लीलाच होते.

खरा वाद मात्र त्याच महिन्यात सरकारी दुष्काळी कामांवरील मजुरीवरून पेटला. दुष्काळाच्या पाहणीसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याने 1874 मध्ये बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून लोक जगवले होते आणि त्याबद्दल उधळपट्टीचा ठपकाही पदरात घेतला होता. या खेपेस त्याला काटकसरीची ताकीद होती. त्याने कामावरील धडधाकट पुरुषाला रोज एक रतल (सुमारे 450 ग्रॅम) धान्य व एक आणा, आणि बायका-मुलांना त्याहून कमी, असा दर ठरवला. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला निदान दीड रतल धान्य आणि जोडीला डाळ-भाजी हवी, असे मद्रासच्या आरोग्य अधिकाऱ्याचे म्हणणे होते. तिथल्या सरकारने मार्चमध्ये सवा रतल धान्य व थोडी डाळ देऊन अर्धीच वाट गाठली. मुंबई इलाख्यात मजुरांनी मोठ्या संख्येने कामे सोडली आणि पुण्याच्या एका संस्थेने त्यांची बाजू अर्जांतून मांडली. याच संस्थेचा प्रतिनिधी दरबारात हातकताईच्या जाड्याभरड्या कपड्यांत हजर राहिला होता. एक रतलाचा दर ठरवणारा अधिकारी त्याच वर्षी मुंबईचा गव्हर्नर झाला, हे येथे नोंदवलेच पाहिजे.

या दुष्काळातील बळींचे अंदाज 50 लाखांच्या पुढेच जातात. पुढे चौकशी आयोग बसला, 1880 मध्ये त्याचा अहवाल आला आणि त्यातून दुष्काळ संहिता, म्हणजे दुष्काळातील सरकारी मदतीची नियमावली, तयार झाली. तरीही 1899-1900 चा ‘छप्पन्या’ दुष्काळ टळला नाही. त्याच्या झळा ताज्या असतानाच 1903 मध्ये दिल्लीत दुसरा दरबार भरला. त्या वर्षअखेरीस मद्रासला झालेल्या राष्ट्रीय सभेच्या (काँग्रेसच्या) अधिवेशनात, गरिबांकडून जबर कर घेऊन तो पैसा आतषबाजीवर आणि मिरवणुकांवर उडवणे निर्दयपणाचे आहे, असे अध्यक्षांनी उघड सुनावले. 1877 मध्ये अर्जांच्या आदबशीर भाषेत अडकलेला आक्षेप अशा रीतीने व्यासपीठावर आला. 1911 चा तिसरा दरबारही आधीच्या दोन दरबारांच्याच माळावर भरला.