गरोदरपणातली थायरॉइड तपासणी : रक्त द्यायला येण्यापूर्वी

थायरॉइडच्या तपासणीला उपाशी यावं लागत नाही. फोंड्यातल्या आमच्या लॅबमध्ये सकाळी रिकाम्या पोटी येऊन चक्कर येणाऱ्या गरोदर बायका पाहिल्या, की हे आधी सांगावंसं वाटतं. त्याच वेळी उपाशीपोटीची साखर तपासायची असेल तर गोष्ट वेगळी. थायरॉइडची गोळी चालू असल्यास त्या दिवशीची रक्त दिल्यावर घ्या. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर काउंटरवर सांगा. त्याने आकडे चुकतात.

सुरुवातीच्या महिन्यांत बाळाची थायरॉइड ग्रंथी तयार नसते. मेंदूच्या वाढीला लागणारं संप्रेरक त्याला आईकडूनच मिळतं. म्हणून आधीपासून गोळी घेणाऱ्यांचा डोस बहुधा पाव ते निम्म्याने वाढवावा लागतो. दिवस गेल्याचं कळताच डॉक्टरांना भेटा, आणि कोणी काही सांगितलं म्हणून गोळी बंद करू नका.

फॉर्मवर कितवा आठवडा ते जरूर लिहा. पहिल्या तिमाहीत एचसीजी या गरोदरपणातल्या संप्रेरकामुळे टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक, थायरॉइड कमी पडलं की हा आकडा वाढतो) आपोआप खाली येतो. कमी आकडा दिसला म्हणजे आजारच, असं नाही. 4 च्या वर गेला तर मात्र रिपोर्ट लगेच दाखवा. गोळी चालू असेल तर निम्मे दिवस भरेपर्यंत साधारण दर 4 आठवड्यांनी तपासणी होते.

गोळी नियमित घेऊनही टीएसएच उतरत नाही, अशांना आम्ही एकच विचारतो : लोहाची आणि कॅल्शियमची गोळी कधी घेता? बऱ्याचदा तिन्ही एकदमच, चहाबरोबर. मग थायरॉइडची गोळी अंगी लागतच नाही. ती उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबर घ्या, चहा-पाव अर्ध्या-पाऊण तासाने. लोह आणि कॅल्शियम किमान 4 तासांनी. लोह दुपारच्या जेवणानंतर, कॅल्शियम रात्री, असं बऱ्याच जणींना जमतं. पावसाळ्यात गोळ्यांची बाटली घट्ट बंद ठेवा, दमटपणाने औषध खराब होतं.

थायरॉइडचं संप्रेरक बनायला आयोडीन लागतं. रोज हुमण (माशांची आमटी) खातो, मग आयोडीन कशाला, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. मासळीतून ते मिळतं, पण कमी-जास्त. मिठागरातलं जाडं मीठ समुद्राचं असलं तरी त्यात आयोडीन जवळजवळ नसतंच. ते लोणच्याला, खाऱ्याला वापरा. रोजच्या जेवणात आयोडीनयुक्त मीठच हवं.

बाळंतपणानंतर डोस बहुधा पूर्वीवर येतो. 6 आठवड्यांनी पुन्हा टीएसएच करायचा असतो, येताना जुने रिपोर्ट आणा.